जमिनीखालचे ऋण

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील पाण्याचा मुख्य नळ बदलण्याचे काम निघाले. तीन आठवडे गल्ली उकरलेली होती. दारापुढे मातीचे ढीग, चरावर टाकलेल्या फळ्या, त्यांवरून तोल सावरीत शाळेला जाणारी मुले आणि घरोघर बसलेला धुळीचा थर, असे एकंदर दृश्य होते. चरातून वर काढलेला जुना नळ तुकड्यातुकड्यांनी रस्त्याच्या कडेला रचून ठेवला होता. एके सकाळी आम्ही त्यांतील एका तुकड्यात डोकावून पाहिले. बाहेरून तो बिडाचा नळ बराच धडधाकट दिसत होता. पण आत गंजाच्या गाठींवर गाठी चढून त्याचा मार्ग असा आवळला होता, की जेथून एके काळी नारळ सहज पलीकडे गेला असता, तेथून आता लिंबू जाण्याचीही पंचाईत. तो नळ आमच्या जन्मापूर्वी पुरलेला. त्यातून आलेल्या पाण्यावर आमची निम्मी हयात गेली. परंतु त्याचे दर्शन आम्हांस त्या दिवशी प्रथमच घडले.

आमच्या शेजारी राहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ तेथेच काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "अहो, पाणी येत होते ना? मग हा उपद्व्याप कशाला? आणखी दहा वर्षे सहज निघाली असती. आणि दहा वर्षांनी आम्ही थोडेच असणार आहोत!" ते हसले, आणि आम्हीही हसलो. मात्र घरी आल्यावर त्यांचे ते बोलणे मनातून जाईना. त्यात वस्तुतः दोन विधाने होती. जे चालू आहे त्याला हात लावू नये, हे पहिले. आणि जे आमच्या मागे मोडेल त्याची जबाबदारी आमची नाही, हे दुसरे. पहिल्याचा निवाडा इंजिनिअरांनी करावा. दुसरे विधान मात्र नीतीच्या प्रांतातले आहे, आणि त्याचा विचार तुम्हांआम्हांसारख्या नळाखाली भांडे धरणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

मनुष्य ज्या वस्तू वापरतो त्यांतील बहुतेक त्याच्या हयातीतच जुन्या होतात. छत्री, सायकल, शिवणयंत्र यांचे आयुष्य मालकाच्या आयुष्याच्या आत मावते. वस्तू मोडली की ज्याने ती वापरली त्यालाच तिची उणीव भासते आणि तोच नवी घेतो. येथे नीतीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. स्वार्थ पुरेसा असतो. बिडाच्या नळाचे तसे नाही. चांगल्या जमिनीत, चांगल्या हाताने बसवलेला नळ पाऊणशे ते शंभर वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक टिकतो. म्हणजे ज्याने तो पुरला त्याने त्याचा अंत पाहिला नाही, आणि ज्याच्या वाट्याला त्याचा अंत आला त्याने त्याचा आरंभ पाहिला नाही. देणारा आणि घेणारा यांची गाठ कधी पडतच नाही. ज्याला आपण उपकार म्हणतो, किंवा अपकार म्हणतो, तो अशा दोन माणसांत संभवतो काय, हाच मूळ प्रश्न.

उपकार संभवतो, याविषयी तरी शंका नको. मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळाले. कलकत्त्यास पुढील दशकाच्या अखेरीस पलता येथून हुगळीचे गाळलेले पाणी येऊ लागले. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना अधिक जवळचे उदाहरण वडोदऱ्याचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८५ मध्ये शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आजवा येथे जलाशयाचे काम सुरू करविले, आणि तेथील पाणी जमिनीच्या उतारानेच नळांतून शहरात आणले. त्या काळी जन्मासही न आलेल्या माणसांची तहान त्या सरोवराने भागविली आहे आणि आजही शहराच्या काही भागाची भागवीत आहे. त्याला सयाजी सरोवर हे नाव मिळाले, ते सार्थच झाले.

पण येथेच एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. सरोवर बांधणाऱ्याचे नाव सरोवरास मिळते. त्या सरोवरापासून आलेला नळ साठ वर्षांनी गंजला असता जो तो वेळेवर बदलतो, त्याचे नाव कोठेही कोरले जात नाही. नव्या धरणाला कोनशिला असते, उद्घाटन असते, फीत असते, हारतुरे असतात. बदललेल्या नळाला असतो तो केवळ उकरलेला रस्ता आणि नागरिकांच्या शिव्या. आपली जुनी दृष्टी याहून निराळी होती. विहिरी, तळी, धर्मशाळा यांचे कर्म 'पूर्त' म्हणून यज्ञाच्या, म्हणजे 'इष्टा'च्या, शेजारी बसविलेले होते. आणि जीर्णोद्धार हे नव्या बांधणीच्या तोडीचे, किंबहुना तिच्याहून वरचढ पुण्य मानले जाई. अहिल्याबाई होळकरांची कीर्ती काशीपासून रामेश्वरापर्यंत पसरली, ती नव्या बांधकामांइतकीच मोडकळीस आलेल्या देवळांच्या, घाटांच्या आणि विहिरींच्या दुरुस्तीमुळे. ती पुण्यबुद्धी आपण गमावली, आणि तिच्या जागी दुसरी कोणती बुद्धी आणली हे सांगणे कठीण आहे.

कोणी म्हणेल, हा सारा हिशेबाचा आणि यंत्रशास्त्राचा विषय. त्यात पापपुण्य कशास आणता? या आक्षेपाचे उत्तर आम्ही अमेरिकेतील दोन गावांच्या हकीकतीने देऊ इच्छितो.

पहिले गाव फ्लिंट. मिशिगन राज्यातले, मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेले आणि ते कारखाने गेल्यावर खंगलेले, सुमारे लाख वस्तीचे हे शहर. वस्तीत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय, आणि गरिबी मोठी. नगराची तिजोरी रिकामी झाल्यामुळे राज्य सरकारने नेमलेला अधिकारी तेथला कारभार पाही. खर्च वाचावा म्हणून २०१४ च्या एप्रिल महिन्यात डेट्रॉइटहून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून गावच्या नदीचे पाणी नळांत सोडण्यात आले. रस्त्याखालच्या मुख्य नळापासून घरापर्यंत जाणाऱ्या तेथील हजारो नळ्या शिशाच्या होत्या. जुन्या पाण्यात नळाची झीज रोखणारे फॉस्फेट मिसळलेले असे. त्याने नळीच्या आतून एक पातळ कवच धरले होते. नदीचे पाणी अधिक झिजविणारे होते, आणि त्यात हे औषध घालण्यात आलेच नाही. दिवसाकाठी शंभर-दीडशे डॉलरांचा हा खर्च, असे पुढे वृत्तपत्रांतून आले. कवच विरघळले आणि शिसे पाण्यात उतरू लागले.

शिशाला वास नाही, चव नाही. पाण्याचा रंग बदलला तो लोखंडाच्या गंजाने. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. पाणी पिण्यास योग्य आहे, असे त्यांस सांगण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गावातील मोटारीच्या इंजिनांच्या कारखान्याने हे पाणी घेणे बंद केले, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढल्याचे तेथील एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सप्रमाण दाखवून दिले ते २०१५ च्या सप्टेंबरात. त्यानंतरच, ऑक्टोबरात, जुने पाणी परत आले. पोलादाची दाद वर्षभर आधी लागली, मुलांची नंतर लागली! लहान मुलाच्या मेंदूला अपाय करणार नाही असे शिशाचे कोणतेही प्रमाण वैद्यकाला सापडलेले नाही, आणि झालेला अपाय पुसून टाकणारे औषधही नाही. त्याच अवधीत पाण्यातून पसरणाऱ्या एका प्रकारच्या न्युमोनियाने बारा माणसे दगावल्याची अधिकृत नोंद आहे. पुढे ६२ कोटी ६० लक्ष डॉलरांची भरपाई मान्य झाली. आणि २०१७ मध्ये न्यायालयापुढे झालेल्या तडजोडीप्रमाणे शिशाच्या सुमारे ११,००० नळ्या बदलून होईतो २०२५ साल उजाडले.

या हकीकतीत खलपुरुष शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. लोकांना विष पाजावे, असे कोणाच्याही मनात नव्हते. एकाने काटकसर केली, दुसऱ्याने नियमाचा सोयीस्कर अर्थ लावला, तिसऱ्याने वरिष्ठांचा शब्द प्रमाण मानला, चौथ्याने तक्रारीचा कागद पुढे सरकविला. दोष असा सर्वांत वाटला गेला, की कोणाच्याच हातात तो जड लागेना. आणि या सर्वांच्याही मागे ती कित्येक दशके उभी होती, ज्यांत शिशाच्या नळ्या धोक्याच्या आहेत हे ठाऊक असूनही त्या तशाच राहू दिल्या गेल्या. शिशाच्या नळापेक्षा मातीचा नळ आरोग्यास बरा, हे रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. अमेरिकेत शिशाचे नवे नळ घालण्यास १९८६ मध्ये बंदी झाली. परंतु जे आधीच जमिनीत होते ते जमिनीतच राहिले. 'आम्ही काही केले नाही' हे वाक्य निर्दोषतेचा पुरावा म्हणून उच्चारले जाते. ज्याच्या हाती पालकत्व आहे त्याच्या तोंडी तेच वाक्य कबुलीजबाब ठरते. दिव्यात तेल न घालणारा पहारेकरी हाताने दिवा विझवीत नाही, इतकेच.

दुसरे गाव मॅडिसन. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. फ्लिंटचे नाव जगभर झाले. मॅडिसनचे नाव या संबंधात आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. तेथेही पाण्यात शिसे आढळले होते. फॉस्फेट घालण्याचा स्वस्त उपाय उपलब्ध होता. पण त्याने गावची सुंदर तळी बिघडतील, म्हणून त्या गावाने कठीण मार्ग पत्करला. २००१ पासून सुमारे अकरा वर्षांत तेथील सुमारे ८,००० शिशाच्या नळ्या बदलण्यात आल्या. नळीचा रस्त्याकडचा अर्धा भाग नगराच्या मालकीचा, घराकडचा अर्धा घरमालकाच्या. घरमालकांची कुरकुर झाली. नगराने त्यांना निम्म्या खर्चापर्यंत, ठराविक मर्यादेत, साहाय्य दिले. आणि पाणपट्टीचा पैसा त्यासाठी वापरता येईना, तेव्हा पाण्याच्या उंच टाक्यांवर टेलिफोन कंपन्यांचे खांब उभारू देऊन त्या भाड्यातून ते उभे केले. पुढे काय झाले? काहीच झाले नाही. मुले शाळेत गेली, मोठी झाली. कोणी पत्रकार तेथे धावला नाही, कोणा मंत्र्यास राजीनामा द्यावा लागला नाही.

या दोन गावांतील अंतर कोणत्या शास्त्राने मोजावे? यंत्रविद्या दोन्हीकडे तीच होती. अंतर होते ते शीलाचे. न घडलेल्या अनर्थाचे श्रेय कोणालाही मिळत नाही. आणि ते मिळणार नाही हे ठाऊक असूनही जो तो अनर्थ टाळतो, त्याचे कर्म फलाकांक्षेवाचून केलेल्या कर्माच्या बरेच जवळ जाते. आपण निष्काम कर्माची चर्चा पुष्कळ करतो. त्याचा नमुना दाखवा म्हटले तर योग्याकडे बोट दाखवितो. वेळेवर नळ बदलणाऱ्या नगरसभेकडे दाखविण्याचे आपणांस सुचत नाही.

मॅडिसनच्या हकीकतीत आणखी एक बोध आहे. इतर काही शहरांनी आपला अर्धा भाग बदलला आणि घरमालकाचा अर्धा भाग तसाच सोडला. २००४ नंतर वॉशिंग्टन शहरात असे पुष्कळ झाले. परिणाम अपेक्षेच्या उलट निघाला. कापाकापीने उरलेल्या शिशाच्या नळीला धक्का बसून काही काळ पाण्यातील शिसे वाढलेच; आणि अशा घरांतील मुलांना या अर्धवट बदलाचा लाभ झाल्याचे तपासणीत दिसून आले नाही. 'माझ्या हद्दीपुरते माझे कर्तव्य मी केले' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. काही कर्तव्ये अशी असतात, की ती निम्मी केल्याने निम्मे पुण्य लागत नाही. उलट अपायच होतो.

आता आमच्या मते जो सर्वांत गंभीर आक्षेप आहे त्याकडे वळू. तो आपल्या देशातला आहे. आपल्याकडे घरगुती नळ्या बहुधा शिशाच्या नसतात. आपले दुखणे गंजलेल्या बिडाचे, निखळलेल्या सांध्यांचे आणि शेजारून वाहणाऱ्या गटारांचे. शहराच्या टोकाला अशा वस्त्या आहेत, की जेथे एका नळकोंडाळ्यावर पहाटेपासून हंड्यांची रांग लागते. मग ज्यांच्या घरी नळ आहे त्यांचे जुने नळ बदलण्यात कोट्यवधी रुपये जमिनीत घालावे, की ज्यांना नळच नाही त्यांना तो द्यावा? आज तहानलेल्याला बाजूस सारून उद्या जन्मणाऱ्याची चिंता वाहणे, हा न्याय म्हणावा काय?

हा आक्षेप सहृदय आहे, म्हणून त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य नव्हे. आधी वस्तुस्थिती पाहू. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच सुटते. पाणी वाहत असते तोवर दाबामुळे ते चिरेतून बाहेर गळते. पाणी बंद झाले, की रिकाम्या होणाऱ्या नळातील दाब उतरतो, आणि त्याच चिरेतून आसपासच्या ओल्या मातीतले, गटारातले जे असेल ते आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटताच तेच प्रथम पुढे ढकलले जाते. गळलेले पाणी हा टोकाला राहणाऱ्यांच्या वाट्याचा हिस्सा असतो. कारण दाब कमी झाला की शेवटचा नळ आधी आटतो. आणि आत शिरलेली घाणही सर्वांस सारखी बाधत नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे तो गाळणयंत्र बसवितो, बाटलीतले पाणी विकत घेतो. ज्याच्यापाशी तो नाही तो नळाला येईल तेच पितो. म्हणजे जीर्ण नळ हा जरी नळवाल्यांच्या दारात असला, तरी त्याचे प्रायश्चित्त बहुधा दुसऱ्यानेच भोगायचे असते. जुन्याची दुरुस्ती आणि नव्याला वाटा हे दोन पक्ष वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत.

तरीही सर्व विरोध मावळतो, असे आम्ही म्हणणार नाही. पैसा मोजका असतो, आणि कोठून आरंभ करावा हे ठरवावेच लागते. आमचे उत्तर इतकेच, की ज्यांना स्वतःचा बचाव करण्याचे दुसरे साधन नाही त्यांच्या टोकाकडून आरंभ करावा. ज्या गल्लीतून तक्रारीचे पत्र सुवाच्य अक्षरात येते तेथून तो सहसा होतो. आमच्या गल्लीतूनही अशी पत्रे गेली होती, आणि त्यांतील दोन आमच्याच हातची होती. हे कबूल केले पाहिजे.

राहिला खर्चाचा प्रश्न. ज्यांनी पन्नास वर्षे स्वस्त पाणी वापरले आणि नळाच्या घसाऱ्यापोटी एक पैसा बाजूस टाकला नाही, ते निघून गेले. आता सगळा बोजा आमच्यावर का? या तक्रारीत तथ्य आहे. दुकानदारही यंत्राचा घसारा दरवर्षी वहीत मांडतो; पाणपट्टी ठरविताना मात्र तो मांडण्याचे धैर्य फारसे कोणी दाखवीत नाही, कारण आजची पट्टी वाढते ती आजच्या मतदाराची, आणि वाचतो तो उद्याचा अनोळखी मनुष्य. नवा नळ शंभर वर्षे चालायचा असेल तर त्याचे कर्ज तीन-चार दशकांवर विभागणेही न्याय्यच होय. मात्र त्या कर्जाबरोबर पुढच्या बदलाची शिल्लकही पडत गेली पाहिजे. एवढे केल्यावरही मागच्यांच्या चुकीचा काही भाग आपल्याला भरावा लागेल. तो भरणे अन्याय्य वाटते, कारण ऋण ज्याचे त्याला फेडायचे असते, अशी आपली कल्पना असते.

आपल्या पूर्वजांनी ऋणाचा एक निराळाही प्रकार ओळखला होता. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, असे ते म्हणत; आणि त्यांतील पितृऋण फेडण्याची रीत मोठी अर्थपूर्ण आहे. ते फिटते प्रजेच्या द्वारा. ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत करणे शक्यच नसते, म्हणून जे येणार आहेत त्यांना द्यायचे. नळाचे ऋण हे असे आहे. ज्याने तो पुरला त्याला आम्ही काय देणार? त्याचे नावही आम्हांस ठाऊक नाही. त्याला देण्यासारखे एकच आहे: त्याने आमच्यासाठी जे केले ते आम्ही दुसऱ्या कोणासाठी करावे.

येथे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना एक शंका सुचण्यासारखी आहे. हे नळ आमच्या वाडवडिलांनी पुरलेले नव्हेत. आमचे आजोबा नोकरीच्या निमित्ताने एक पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन या शहरात आले, तेव्हा नळ आधीच जमिनीत होता. मग हे पितृऋण कसे? आणि आमची मुले तरी कोठे येथे राहणार आहेत? एक पुण्यास, एक परदेशी. परंतु याच शंकेत या ऋणाचे खरे स्वरूप उघड होते. आजोबांनी त्या नळाखाली प्रथम ओंजळ धरली, तेव्हा नळाने त्यांची भाषा विचारली नाही, आणि तुमचा बाप कोण, असेही विचारले नाही. हे ऋण रक्ताचे नाही, पिण्याचे आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. प्यालेल्या पाण्याला जागण्याची गोष्ट त्याहून वेगळी नाही. उद्या या घरात कोणत्या प्रांताचे, कोणत्या भाषेचे कुटुंब राहील हे आम्ही सांगू शकत नाही. त्यांच्या पाण्याशी आमचा संबंध आहे, एवढे निश्चित सांगू शकतो.

काम संपले. चर बुजविण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा एकदा वाकून पाहिले. नवा नळ काळा, गुळगुळीत, आणि त्याच्या अंगावर तो ओतला गेल्याचे साल उमटविलेले होते. ते आम्ही वाचले. त्यानंतर ते वाचणारा मनुष्य बहुधा अजून जन्मास आलेला नाही. शेजारचे ते वृद्ध गृहस्थही काठी टेकीत आले होते. त्यांनी साल विचारले, आम्ही सांगितले. मनाशी काही हिशेब करून ते म्हणाले, "म्हणजे आमच्या पणतवंडांना पुरेल." क्षणभराने त्यांनीच दुरुस्ती केली, "किंवा कोणाच्या तरी." दुसऱ्या दिवशी माती लोटली गेली, आणि पावसाळ्यापूर्वी रस्ताही झाला.